लेकुरवाळी

माणिकबाईनं गाठोड्याची गाठ सोडली, तळाशी ठेवलेली पुरचुंडी काढली आणि कानाशी धरून हलवली. आत सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, धने खळखळले. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. पुरचुंडी तिनं वर्षालीच्या कानाशी नेली.

"आयक. सुके हायेत ना?"

"आहेत ना, मावशी. सकाळपासून किती वेळा ऐकवता?"

"तुले काय जाते! तुमच्या अकोल्यात सांबार गाडीवरच उगवते."

वर्गातल्या बाया हसल्या. फळ्यावर पुसायचा राहिलेला पाढा तसाच होता. बाकं एकावर एक रचून भिंतीशी लावली होती आणि त्यांच्या पायांना बांधलेल्या दोऱ्यांवर लुगडी वाळत होती. तेल्हाऱ्याच्या या शाळेत काठपुरा या नदीकाठच्या वस्तीची माणसं येऊन राहिली तेव्हा नदी रस्त्यावर आली होती. आता ती आपल्या पात्रात परत गेली होती आणि बाहेर चांगलं कडक ऊन पडायला लागलं होतं. माणिकबाईला त्या उन्हाचीच धास्ती होती.

"नदी जाता जाता गाळ टाकून गेली," ती पुरचुंडी पुन्हा तळाशी खोचत म्हणाली. "थो वला हाय तोवर सांबार फेका, मेथी फेका, पालक फेका. खत नाई लागत, काई नाई लागत. एकदा का त्याले भेगा पडल्या, का मंग बसा वर्षभर तोंडाकडे पाहत. कवा नेऊन राहिली आमाले? तूच म्हनलं होतं, पानी उतरलं का घरी."

"म्हटलं होतं. जायचंच आहे."

वर्षालीनं मांडीवरच्या आचलचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं. उत्तर सापडलं नाही की तिचा हात असा लेकीकडे जायचा. कधी टोपडं, कधी लाळेरं, कधी नुसतंच पायाचं बोट.

"द्या इकडं तिले," अकीला म्हणाली. "तेल कोमट हाय, आताच लावून देतो."

अकीला वर्षालीच्याच वयाची. तिचा नवरा अन्सार गाद्या भरायचा. काठपुऱ्यात माळ्यांच्या घरांना लागून पिंजाऱ्यांची, म्हणजे अन्सारच्या भाऊबंदांची थोडी घरं होती. तिचा शाकीब आचलहून थोडाच मोठा. दोन्ही लेकरं एकाच सतरंजीवर पडून एकाच पळीसाठी भांडायची, आणि पळी जिंकलेलं लेकरू ती तोंडात घालून दुसऱ्याकडे असं पाहायचं, की बाया पोट धरून हसायच्या. पहिल्या दिवशी वर्षालीनं पळी गरम पाण्यातून काढली होती. दुसऱ्या दिवशीही काढली. मग कधीतरी ते राहूनच गेलं. लेकीचं दूध, झोप, शी, अंगावरचा प्रत्येक पुरळ डोळ्यांत तेल घालून पाहणारी बाई ती. पण या वर्गात ती आचलला अकीलाच्या पायांवर टाकून व्हरांड्यात फोन करायला जाऊ शकत होती, आणि परत येईपर्यंत एकदाही मागं वळून पाहत नव्हती.

व्हरांड्यातून तिनं संस्थेच्या भावनाताईंना फोन लावला.

"पंचनामे चालू आहेत गं," भावनाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नेहमीची ऊब होती. "तिघांचं मिळून काम आहे. प्रशासन आहे, कंपनी आहे, आपण आहोत. एकट्याच्या हातात असतं तर मी कालच पाठवलं असतं. तू उद्या अमरावतीला ये. भागीदारांची बैठक आहे, तुझं कौतुक करायचंय. तिथेच विचार सगळ्यांना."

"आचलला घेऊन?"

"म्हणजे काय! तिच्याशिवाय कशी येशील?"

असंच काहीसं भावनाताई पहिल्या दिवशीही बोलल्या होत्या.

बाळंतपणानंतर वर्षालीची नोकरी सुटली होती. एम.एस.डब्ल्यू. झालेली, हुशार मुलगी. पण जिथं जावं तिथं लोक आधी तिच्या कडेवर पाहायचे आणि मग म्हणायचे, थोडं मोठं होऊ द्या बाळ. भावनाताईंनीच एकट्यांनी तसं म्हटलं नाही. पुराची बातमी आली त्या सकाळी त्यांचा फोन आला होता, "येतेस का? लेकराला घेऊनच ये. घरी कुणाकडे ठेवशील?" नवरा, देवानंद, नको म्हणत होता. साथीचे दिवस, पाणी कसलं, माणसं कसली. वर्षालीला भीती देवानंदपेक्षा जास्त होती. पण कोणीतरी तिला लेकरासकट बोलावलं होतं. त्या एका गोष्टीसाठी ती भीतीही कडेवर घेऊन निघाली.

काठपुऱ्यातून त्या दिवशी कोणी हलायला तयार नव्हतं. तलाठी येऊन गेला, पोलीस भोंग्यावर ओरडून गेले, बोट रिकामी परत गेली. मागच्या पुरात खालच्या अंगाची माणसं सरकारी शाळेत गेली होती, आणि परत आली तेव्हा त्यांच्या जागेला दुसऱ्याचं कुंपण होतं. ते काठपुऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी गुडघ्याला लागलं तरी माणिकबाई ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती.

वर्षाली पाण्यातून चालत त्या ओट्यापाशी गेली. तिच्या अंगात संस्थेनं दिलेलं जाकीट होतं, त्यावर छातीशी तीन बोधचिन्हं, आणि चिन्हांवर गाल टेकून झोपलेली आचल.

"मायवं!" माणिकबाई ओरडली होती. "एवढुसं लेकरू घेऊन काहून आली वं या पान्यात? अक्कल हाय का नाई?"

तिनं हात धरून वर्षालीला ओट्यावर ओढलं. मग लगबगीनं आत गेली, भिजलेले डबे एकामागून एक उघडले आणि एका डब्यातून गुळाचा खडा काढून आणला. लेकरू पहिल्यांदा दारात आलं की त्याला कोरड्या तोंडानं पाठवत नाहीत. घरात पाणी शिरलं म्हणून रीत थोडीच वाहून जाते. गुळाचं बोट आचलच्या ओठांना लागलं, ती चुटुचुटू चोखायला लागली, आणि डॉक्टरांनी वर्षभर गोड देऊ नका म्हटलंय हे वर्षालीच्या जिभेवर येऊन परत गेलं.

"मावशी, चला," ती म्हणाली. "मी पण शाळेतच राहते तुमच्यासोबत. हिला घेऊन. पाणी उतरलं की तुम्ही तुमच्या घरी. माझा शब्द आहे."

माणिकबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. आचलकडे पाहिलं.

"तुझा शब्द मी काय जानो, पोरी. पन हे लेकरू जिथं निजते तिथं मले निजाले काय होते?"

माणिकबाई उठली आणि काठपुरा उठला. त्याच रात्री नदी घराघरांत छातीइतकी शिरली.

अमरावतीची बैठक बडनेरा रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या सभागृहात होती. आत इतकं थंड होतं की वर्षालीनं आचलला ओढणीत गुंडाळलं आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरली. लेकरू रडलं तर उठून जाता यावं म्हणून. मनात ती वाक्यं जुळवत होती. गाळ वाळतोय. निदान दिवसा जाऊन पेरायची परवानगी द्या. रात्री शाळेत येतील. एवढं तरी कोणी नाही म्हणणार नाही.

पडद्यावर काठपुऱ्याचं चित्र आलं. पाण्यात उभी घरं, घरांवर माणसं. भावनाताई माईकपाशी गेल्या. सुती साडी, पिकलेले केस, कुणालाही आपली मावशी वाटावी असा चेहरा.

"आमचे भागीदार विचारतात, काठपुरा रिकामा कसा केला?" त्या म्हणाल्या. "पोलिसांना जमलं नाही, बोटीला जमलं नाही. आम्ही एकच विचार केला. या बाया दारातून कुणाला परत पाठवत नाहीत?"

त्या थांबल्या. सभागृहातून कोणीतरी म्हणालं, "पावण्याले."

हशा झाला. भावनाताईही हसल्या.

"पाहुण्याला पाठवतात हो कधीकधी. तान्ह्या लेकराला पाठवत नाहीत. म्हणून आम्ही मुद्दाम लेकुरवाळी स्वयंसेविका शोधली. शिकलेली, चांगल्या घरची, चेहऱ्यावर काळजी असलेली. ती लेकरू घेऊन पाण्यात उतरली आणि अख्खी वस्ती तिच्यामागे चालत आली. भातकुलीच्या बाजूला असंच काम करणाऱ्या मंडळींना मी हेच सांगेन. भोंगा नको. लेकुरवाळी पाठवा. वर्षाली, ये बाळ पुढे!"

टाळ्या वाजल्या. आचल दचकून उठली आणि रडायला लागली. वर्षाली पुढे गेली, कारण सगळे मागे वळून तिच्याकडे पाहत होते. कोणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली. तिनं एका हातानं ती धरली, दुसऱ्या हातानं लेकीला थोपटत राहिली आणि पडद्याकडे पाहिलं. पुढचं चित्र आलं होतं.

त्यात काठपुरा नव्हता. नदीच्या कडेनं एक भिंत होती, भिंतीच्या आत कंपनीची पाणी उपसायची विहीर, पंपघर, आणि हिरव्या रंगात दाखवलेली झाडं. कंपनीचा माणूस आता बोलत होता. वस्ती पूररेषेत असल्यामुळे पुन्हा बसवता येणार नाही. कुटुंबांना माळावर पत्र्याची घरं देऊ. जागा आता मोकळी आहे, घरांची पडझड झालेलीच आहे, तेव्हा उद्या सकाळपासून सपाटीकरणाचं यंत्र लागेल. सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार.

माळ वर्षालीनं पाहिला होता. तिथं कुसळ आणि दगड होते. नदी तिथून दिसतही नव्हती.

चहाच्या टेबलापाशी तिनं भावनाताईंना गाठलं. बोलताना शाल खांद्यावरून घसरत होती. तिनं ती घडी न घालताच खुर्चीवर ठेवली.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"चर्चा होती. नक्की नव्हतं." भावनाताईंनी आचलच्या गालाला हात लावला. "रडू नको गं राणी. आवाज मोठा झाला ना फार?"

"मला सांगायला पाहिजे होतं, ताई."

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझं तोंड काही लपवत नाही, वर्षाली. तेच तर तुझं बळ आहे." त्यांनी कपात साखर ढवळली. "आणि एक सांग. त्या रात्री पाणी किती आलं? माणसं जगली ना? मग? कोणी फसवलं त्यांना? वाचवलं आपण."

हे खोटं नव्हतं. माणसं जगली होती. तिच्यामुळेच जगली होती. आणि तरीही तिला वाटत होतं, आपल्या घरातून, आपल्याच हातानं उघडून दिलेल्या दारातून कोणीतरी काहीतरी उचलून नेलंय.

"दोन-तीन दिवसांनी तूच जाऊन सांग त्यांना," भावनाताई म्हणाल्या. "तुझं ऐकतात. लगेच नको. यंत्राचं काम आटोपू दे."

अकोल्याच्या बसमध्ये देवानंदचा फोन आला. वर्षालीनं सगळं सांगितलं.

"घरी ये," तो म्हणाला. "तुझं काम झालं. त्यांनी वापरून घेतलं, शिकलीस. आता कशाले जातं तिकडे? मारतील तुले ते लोक."

"नाही मारणार."

"आचलले तरी घरी ठेव."

"दूध पिते ती."

अकोल्याच्या स्टँडवर ती उतरली. घराकडे जाणारी ऑटो समोर होती. ऑटोवाल्यानं आवाजही दिला. तेल्हाऱ्याची बस निघायच्या बेतात होती आणि वर्षाली तिच्यात चढली. खिडकीतून सगळा रस्ता तिला उभा कापूस दिसत राहिला. आचल तिच्या पोटाशी शांत झोपली होती. ती झोपेत श्वास घेतेय की नाही हे पाहायला वर्षालीनं नाकाशी बोट धरलं. मग स्वतःच्याच मूर्खपणाची चीड आली. मग पुन्हा धरलं.

शाळेत चुली पेटायच्या वेळेला ती पोचली. बायांनी नेहमीसारखं "आली वं आचल" केलं. वर्षालीनं बसून घेतलं नाही. उभ्यानंच, दाराच्या चौकटीला पाठ लावून सांगितलं. भिंत, विहीर, माळ, उद्या सकाळ. मुद्दाम लेकुरवाळी शोधली होती, हेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. पण एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता आलं नाही.

चुलीवरचं कालवण रटरटत होतं, ते एका बाईनं उतरवून बाजूला ठेवलं.

"म्हंजे तुलेबी नवतं माईत," माणिकबाई म्हणाली.

"नव्हतं मावशी. खरंच नव्हतं."

"कसं राहीन? तुले माईत असतं तर आमाले दिसलंच असतं की."

वर्षालीनं मान खाली घातली. माणिकबाई गाठोड्याकडे वळली होती. अन्सार आणि आणखी दोघं बाहेर गेले. व्हरांड्यात त्यांचं बोलणं ऐकू आलं, मग ढकलगाडीची चाकं. यंत्र उद्या येणार असेल तर आज रात्री घरांत जाऊन निजायचं, असं कोणी ठरवल्यासारखं बोललं नाही, पण वर्ग बघता बघता रिकामा व्हायला लागला. लुगडी दोऱ्यांवरून निघाली. भांडी एकमेकांत गेली. माळी काय, पिंजारी काय, जो तो आपलं उचलत होता.

अकीला शाकीबला कडेवर घेऊन वर्षालीसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुमी येता ना?"

"मी?"

"तुमी अन् आचल. दुसरं काई नाई कराचं. सकाळी मशीन आली का आमच्यासंगं ओट्यावर बसाचं. बस." तिनं दारातून बाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या त्या ताईची गोष्ट खरी हाय. लेकरू पाहून मानूस थांबते."

"पण तुझा शाकीब आहे की."

अकीलाला हसू आलं. ते वाईट हसू नव्हतं. नासमज लहान बहिणीवर येतं तसं होतं.

"आमच्या लेकरांले पाहून थांबत असते, तं तुमाले कायले आनलं असतं, ताई?"

बाहेर ढकलगाडीत कोणीतरी पातेली रचत होतं. वर्षालीच्या डोळ्यांपुढे ओटा आला, ओट्याखालचा ओला गाळ, डबकी, डबक्यांवरचे डास. मग पिवळं यंत्र, त्याचा आवाज, पोलीस, पळापळ. देवानंद आला. भावनाताई आल्या. आचलची कोवळी टाळू आली. हे सगळं एका क्षणात आलं आणि तिच्या आधी तिचं तोंड बोललं.

"तिला ताप आहे."

अकीलानं आचलकडे पाहिलं.

"बसमध्येच चढला," वर्षाली म्हणाली. "सकाळपासून कसनुशीच होती. तिथं थंड होतं ना फार. दवाखान्यात दाखवावं लागेल."

आचलनं अकीलाला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे करून तिच्याकडे झेप घेतली. वर्षालीनं तिला घट्ट धरलं. अकीलानं शाकीबला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळा झालेला तळवा आचलच्या कपाळावर ठेवला. आचलला गंमत वाटली. ती खिदळली, आणि त्या बोटांतलं एक बोट धरून तोंडाकडे ओढायला लागली.

अकीलानं हात तसाच राहू दिला. मग हळूच बोट सोडवून घेतलं.

"हो," ती म्हणाली. "गरमच हाय. घरी घेऊन जा, ताई. वारं लागू नका देऊ."

तिनं शाकीबचं डोकं पदरात घेतलं आणि इतरांच्या मागं नदीच्या वाटेला लागली.